बारा वर्षं रानात एकटा मुलगा : लांडग्यांनी जगवलं की शेळ्यांनी?

पानगळ
स्पेनच्या दक्षिणेकडच्या सिएरा मोरेना डोंगररांगेतल्या मार्कोस रोद्रिगेस पांतोखाची हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जन्म १९४६, कोर्दोबा प्रांतातलं आन्योरा गाव. आई लहानपणीच गेली, बापाने दुसरं लग्न केलं आणि साधारण सातव्या वर्षी पोराला डोंगरातल्या एका म्हाताऱ्या शेळपाळाकडे धाडलं. मार्कोस स्वतः 'विकलं' असंच म्हणतो. काही काळाने म्हाताराही गेला. मेला की कुठे निघून गेला, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. तिथून १९६५ मध्ये सिव्हिल गार्डच्या (स्पेनचं पोलीस दल) शिपायांना सापडेपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या वर्षापर्यंत, पोरगा रानात. सोबतीला शेळ्या, लांडगे, खोकड, साप.

लहान मुलांसाठी यावर लिहायचं आहे. जिथे बघावं तिथे 'लांडग्यांनी वाढवलेला मुलगा' एवढंच सापडतं. रोज पोटात काय जायचं, विस्तव कसा टिकला, अंगावर काय घालायचा, यावर कुणी दोन ओळी धड लिहीत नाही. मुलांना खोटं सांगायचं नाही म्हणून विचारते. हे व्यवहारात जमतं का, आणि जमलं तर कशाच्या जोरावर?

भटकी_सावली
रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

करडू_कोकरू
जमतं, आणि उत्तर तुमच्याच लेखात आहे: शेळ्या. हिशोब मांडून बघा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १,७०० च्या आसपास उष्मांक लागतात. शेळीच्या एका लिटर दुधातून ७०० मिळतात. डोंगरात चरणारी शेळी दिवसाला एखादा लिटर देते, व्यायल्यावर जरा जास्त, नंतर कमी. म्हणजे दोन दुभत्या शेळ्यांवर पोराची बरीचशी गरज भागते.

पण 'दूध पीत होता' एवढ्यावर सोडू नका, कारण दूध काढणं हे हाताचं काम आहे. सड ओढायचा नसतो. अंगठा आणि तर्जनीने सडाचं मूळ आवळायचं, म्हणजे दूध परत कासेत चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक मिटत आणायची. नवशिका ओढतो, शेळी लाथ झाडते, पान्हा चोरते. पहिल्या दोन-तीन धारा जमिनीवर सोडायच्या. शेवटी कास पूर्ण रिकामी करायची, दूध अंगावर राहिलं तर दगडी, म्हणजे कासेचा दाह होतो. कास गरम, टणक, दुधात गाठी आणि दोरे. रानात त्यावर उपाय एकच, करडाला पुन्हापुन्हा लुचू द्यायचं आणि उरलेलं हाताने काढायचं.

मार्कोस थेट सडाला तोंड लावून प्यायचा असं कुणी लिहिलं तर त्यातही अशक्य काही नाही. करडू हरवलेली शेळी माणसाच्या पोरालाही पाजते, तिला वास ओळखीचा झाला पाहिजे एवढंच.

डॉ_निर्गुंडी
वर करडू_कोकरू यांनी हिशोब छान मांडलाय, त्याला वैद्यकाची पुरवणी जोडते.

पहिलं, शेळीच्या दुधात फोलेट (रक्त तयार व्हायला लागणारं एक ब जीवनसत्त्व) फार कमी, लोह आणि क जीवनसत्त्वही नगण्य. नुसत्या शेळीच्या दुधावर ठेवलेल्या तान्ह्या बाळांना पंडुरोग होतो, ही जुनी माहीत असलेली गोष्ट. सात वर्षांच्या मुलाला पालेभाजी, फळं आणि थोडं मांस मिळालं की ही उणीव भरून निघते. तेव्हा हिरवा पाला गोष्टीत असायलाच हवा.

दुसरं, कच्चं दूध. भूमध्य समुद्राच्या काठच्या शेळ्यांमध्ये ब्रुसेलोसिस पूर्वापार आहे. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये हा जंतू शोधला, आणि तो शेळ्यांतून येतो हे १९०५ मध्ये तिथल्याच झामितने दाखवलं. ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, सांधे आणि कंबर धरते, महिनोन्‌महिने चालतं. मार्कोसला तो झाला होता असं मी म्हणत नाही. पण दूध उकळल्यावर हा जंतू मरतो, म्हणून विस्तव ही नुसती थंडीची सोय नव्हती.

चकमक
विस्तवावर येतो. म्हाताऱ्याने पोराला आग पेटवायला आणि हत्यारं-भांडी करायला शिकवलं होतं, हे मार्कोसच्या बहुतेक मुलाखतींत येतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा हाच.

त्या काळी स्पेनमधल्या मेंढपाळांकडे आपल्या धनगरांसारखीच चकमक असायची: गारेचा दगड, पोलादाचा तुकडा आणि ठिणगी धरणारं काहीतरी. आपल्याकडे सावरीचा कापूस, तिकडे झाडावर वाढणारी वाळलेली अळंबी. लोकांना वाटतं ठिणगी दगडातून येते. तसं नाही. दगडाची धार पोलादाचा बारीक कीस खरवडते आणि तो कीस पेट घेतो. म्हणून दगडाची कड धारदार हवी, बोथट झाली की नवा कपचा काढायचा. पोलाद पाणी दिलेलं, कडक हवं, मऊ लोखंडावर हात दुखेस्तोवर ठोका, ठिणगी पडत नाही. ठोका सरळ न मारता तिरका, घसरता. ठिणगी कापसावर धरली की ज्वाळा येत नाही, लाल ठिपका पसरत जातो. तो सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून खालून हळू फुंकायचं. जोरात फुंकलं की विझतो, ओलसर कापूस असेल तर मुळात धरतच नाही. म्हणून कापूस अंगाजवळ, कातड्याच्या पिशवीत.

आणि शहाणा मेंढपाळ रोज आग पेटवत बसत नाही, तो ती विझूच देत नाही. सिएरा मोरेनात एन्सिना नावाचा सदाहरित ओक आहे. लाकूड जड, निखारा टिकाऊ. रात्री जाड ओंडक्याचे निखारे एकत्र करून वर चार बोटं राख लोटायची. सकाळी राख बाजूला केली की आत लाल. पेटवायला तिथली हारा नावाची चिकट झुडपं, त्यांच्या पानांत राळ असते, ओली असली तरी भडकतात.

वेताळवन
चकमक यांच्याशी सहमत. भूगोल जोडतो, कारण आपले वाचक रान म्हटलं की सह्याद्री डोळ्यांपुढे आणतात आणि तिथेच चुकतात.

सिएरा मोरेनाचं सर्वोच्च शिखर बान्युएला, १,३३२ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा बुटकं. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठाक, पारा चाळिशीपर्यंत जातो. आपल्याकडे एकट्या पोराला आषाढ-श्रावण मारेल, सरपण ओलं, दिवसेंदिवस ऊन नाही. तिकडे मारणारे महिने जुलै ते सप्टेंबर. ओढे आटतात, गवत वाळतं, शेळ्यांचं दूध उतरतं. हिवाळ्यात दंव पडतं, पण बर्फात गाडलं जाण्याची भीती नाही. कोरडी गुहा, दक्षिणेकडे तोंड, खाली झुडपांच्या डहाळ्यांचा वीतभर थर, बाजूला शेळ्या (त्यांचं अंग ३९ अंशांच्या आसपास), एवढ्यावर रात्र निघते. गुहा निवडताना ओढ्याच्या पात्रातली नको आणि धूर निघायला वर फट हवी.

खायला ऑक्टोबरपासून एन्सिनाचे एकोर्न. सगळ्या ओकांची फळं कडू नसतात, एन्सिनाची बरीच गोड, भाजून नुसती खातात. सुक्या गराच्या १०० ग्रॅममध्ये ५०० च्या घरात उष्मांक. त्याच दिवसांत माद्रोन्यो नावाच्या झाडाला लाल, खरखरीत फळं येतात. या झाडाचं फळ पिकायला वर्ष लागतं, त्यामुळे फुलं आणि पिकली फळं एकाच वेळी झाडावर दिसतात. अति पिकलेली झाडावरच आंबतात, पोटभर खाल्ली तर डोकं जड होतं. मुलांना ही गंमत आवडेल.

करडू_कोकरू
वेताळवन, तुमच्या एकोर्नच्या महिन्यांनी एक गोष्ट जुळली. तिकडच्या शेळ्या दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात. गाभणकाळ १५० दिवसांचा, म्हणजे व्यायचं हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर. व्यायच्या आधी दोन महिने दूध आटतं. म्हणजे शरदात दूध नसतं तेव्हाच एकोर्न आणि माद्रोन्यो पिकतात. रानाने आपणहून घातलेला मेळ आहे हा.

दूध भरपूर असेल तेव्हा साठवायचं कसं, हेही मेंढपाळाला येतंच. कोवळ्या करडाच्या चौथ्या जठरातला अंश किंवा तिकडे मिळणाऱ्या कार्डो या काटेरी झाडाच्या फुलाचा अर्क कोमट दुधात घालतात. ३० ते ३२ अंश, म्हणजे बोटाला ना गार ना गरम. अर्ध्या-पाऊण तासात दही धरतं, कापून सुटलेलं पाणी गाळायचं, मीठ लावून सुकवायचं. दहा लिटरला किलोभर चीज. दूध जास्त तापलं तर रबरासारखं होतं, गार राहिलं तर धरतच नाही.

ताकपीठ
मीठ कुठून आणणार?

करडू_कोकरू
@ताकपीठ, रास्त शंका. मालक कळपासाठी खडा मीठ पाठवतात, तो साठा असेपर्यंत ठीक. नंतर बिनमिठाचं, उन्हात कडक वाळवलेलं. टिकतं कमी. पोराच्या शरीराला लागणारं मीठ दूध आणि मांसातून येतं.

माळावरचा
पण सगळेजण लांडग्यांना टाळून का चाललेत? मूळ गोष्टच ती. तो गुहेत पिल्लांशी खेळता खेळता झोपला, लांडगी मांस घेऊन आली, त्याने पिल्लाचा घास घ्यायला हात पुढे केला तर तिने पंजा मारला, मग पिल्लांचं झाल्यावर एक तुकडा त्याच्याकडे सरकवला आणि त्याला चाटलं. असं तो आयुष्यभर सांगत आला. खोटं म्हणायचं का?

गवताळ
@माळावरचा, टाळत नाही, जपून बोलतोय. लांडग्यांचं जे पक्कं माहीत आहे ते मांडतो.

पिल्लांचे डोळे १२ ते १४ दिवसांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती बिळाच्या तोंडाशी येतात, आठव्या आठवड्याच्या सुमारास दूध सुटतं. मोठे लांडगे पोटातून मांस आणून ओकतात किंवा तोंडात तुकडा धरून आणतात. म्हणजे 'मांस घेऊन आली' हे बरोबर. माणसाला सवयीचं करायचं असेल तर पिल्लू तीन आठवड्यांच्या आत हाताळावं लागतं, नंतर भीती पक्की बसते. मार्कोस बिळावर वारंवार जात असेल तर त्या वेताची पिल्लं त्याला बुजली नसतील, हे शक्य आहे. बिळापाशी माणूस दिसला की मोठी लांडगी बहुधा लांब सरते आणि दुरून बघते, अंगावर येत नाही. म्हणून तो जिवंत परतला यात नवल नाही. चाटण्याबद्दल मी ना हो म्हणेन ना नाही.

'कळपाने दत्तक घेतलं' असं मात्र लिहू नका. लांडग्यांच्या कळपात आई, बाप आणि त्यांची एक-दोन वेतांची पोरं असतात, बाहेरचा लांडगासुद्धा त्यात सहज मिसळत नाही.

वेताळवन
आणि शेळ्या? ज्याच्याकडे शेळ्या आहेत त्याची लांडग्याशी मैत्री, हे कसं?

गवताळ
हाच प्रश्न धनगरालाही रोज पडतो. आपल्याकडे रात्री कोकरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावतात, तिकडे मास्तीन जातीचे कुत्रे, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, म्हणजे लांडग्याला नरडं धरता येत नाही. लांडगा एकदम कळपात घुसत नाही, मागे राहिलेली, लंगडी, आजारी शेळी बघतो. मुलगा रात्री शेळ्या गुहेच्या तोंडाशी कोंडून आग ठेवत असेल तर लांडग्याला हरणं-रानडुकरं सोपी.

मुलांसाठी लिहिताना एक काळजी घ्या. आपल्याकडे लांडग्याने मुलांना उचलल्याच्या घटना घडल्या आहेत, उत्तर प्रदेशात १९९६ मध्ये आणि २०२४ मध्ये बहराइचला. तेव्हा 'लांडगा दिसला की जवळ जा' असा अर्थ निघू देऊ नका. उलट बाजूने, मार्कोस रानात गेला त्याच सुमारास, १९५३ मध्ये, स्पेनच्या सरकारने उपद्रवी प्राण्यांच्या नायनाटासाठी प्रांतोप्रांती मंडळं काढली. लांडगा मारला की बक्षीस. सिएरा मोरेनातला लांडगा आता संपल्यातच जमा आहे. हे लेखात आलंच पाहिजे, त्याच्या सोबत्यांचं काय झालं ते मुलांना कळू द्या.

डॉ_निर्गुंडी
लांडग्यांनी एक मोठी गोष्ट दिली असू शकते, चरबी. तिथे ससे आणि तित्तिर मुबलक, पोराला फासा लावता येत असणार. पण नुसत्या सशावर माणूस टिकत नाही. सशाचं मांस सुकं, चरबी जवळपास नाही. शरीराला प्रथिनांतून साधारण एक तृतीयांश उष्मांकच झेपतात. त्यापलीकडे गेलं की मळमळ, जुलाब, अशक्तपणा, आणि पोट भरलेलं असूनही भूक. दुधाच्या दिवसांत अडचण नाही, शेळ्या आटल्यावर येते. लांडग्यांनी पाडलेल्या हरणाचं मऊ मांस ते संपवतात, पण पायांची नळी बरेचदा उरते. ती दगडाने फोडली की मगज मिळतो, जवळपास निव्वळ चरबी. लांडगे खाऊन सरल्यावर जायचं, आधी नाही.

मोटनाडा
कपड्यांचं कुणी बोललं नाही. सापडला तेव्हा अंगावर कातडी होती. कच्चं कातडं वाळलं की फळीसारखं होतं, ते अंगावर घालता येत नाही. पद्धत अशी: आतल्या बाजूचं मांस-चरबी बोथट धारेने खरवडून काढायची, धार तीक्ष्ण असेल तर भोक पडतं. मग त्याच जनावराचा मेंदू कोमट पाण्यात कालवून कातड्यात चोळायचा, एका हरणाचा मेंदू त्याच्या कातड्याला पुरतो. पिळायचं आणि वाळेपर्यंत ताणत राहायचं. खरी मेहनत इथे आहे. अर्धवट ओलं असताना हात थांबला की तेवढा भाग कडक. शेवटी धुरी द्यायची, नाहीतर पहिल्याच पावसात पुन्हा कडक. दुसरी पद्धत सालीची. तिकडे ओकची साल, आपल्याकडे बाभळीची साल, तरवड, हिरडा. तिला खड्डा, पाणी आणि महिने लागतात. एकट्या पोराने मेंदूची पद्धत किंवा केस ठेवून नुसतं चोळून मऊ केलेलं कातडं वापरलं असावं.

माळावरचा
सापाचं राहिलं. गुहेतल्या सापाला शेळीचं दूध पाजायचा आणि साप मागे मागे यायचा, असंही तो सांगतो.

गवताळ
इथे ठाम सांगतो, साप दूध पचवत नाही. तहानेने व्याकुळ साप पुढ्यात येईल ते द्रव पितो, नागपंचमीला गारुड्याचा उपाशी नाग पितो तसंच. पण गुहेत साप का राहिला याचं कारण साधं आहे. शेळ्यांचा दाणा-लेंड्या तिथे उंदीर, उंदीर तिथे साप, वर विस्तवाची ऊब. पोराने ठेवलेलं दूध उंदरांनी किंवा मुंग्यांनी संपवलं असेल, सकाळी भांडं रिकामं. सात वर्षांच्या मुलाने त्याचा काय अर्थ लावावा?

सांजवात
इतका वेळ वाचत होते. गवताळ आणि डॉक्टरीणबाई, तुमचं शास्त्र मान्य. पण त्या रिकाम्या भांड्यावर थांबा थोडं. पोट भरलं म्हणून मूल जगत नाही. गॅब्रिएल जानेर मनिला या मानववंशशास्त्रज्ञाने १९७५-७६ मध्ये मार्कोसच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. त्याचा निष्कर्ष असा की मुलगा रानात राहिला हे खरं, आणि प्राण्यांच्या वागण्याचा त्याने लावलेला मायेचा अर्थ ही त्याची गरज होती. त्याला खोटारडा ठरवलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. तो हरणासारखा, घुबडासारखा, लांडग्यासारखा आवाज काढायचा आणि समोरून उत्तर यायचं. बोलायला कुणी नसलेल्या पोराला उत्तर मिळणं म्हणजे काय, ते कॅलरीत मोजू नका. दोन्ही लिहा.

डॉ_निर्गुंडी
सांजवात, पटलं, आणि त्याला वैद्यकातही आधार आहे. सातव्या वर्षापर्यंत मार्कोस बोलायला शिकलेला होता. म्हणून परत आल्यावर भाषा पुन्हा वर आली, पुढे हॉटेलांत, बारमध्ये कामं करू शकला. याउलट १८६७ मध्ये बुलंदशहरच्या जंगलात शिकाऱ्यांना सापडलेला दीना सनीचर आग्र्याजवळच्या सिकंदरा अनाथालयात १८९५ पर्यंत राहिला, पण बोलला नाही. मिदनापूरच्या कमला-अमलाची १९२० ची गोष्ट शाळेत अजून सांगतात, ती तर संशोधकांनी खोडून काढली आहे, ती लेखात घेऊ नका. लहान वयात भाषा कानावर पडली नाही तर पुढे ती पूर्ण येत नाही. तेव्हा 'सात वर्षं' हा आकडा ठळक हवा.

भटकी_सावली
हा धागा माझ्या निवडक दहा आवडत्या धाग्यांत. रानडुकराचं कुणी लिहिलं नाही म्हणून एक भर. डुकरं वासाने जमिनीखालचे कंद हुडकून उकरायची, मार्कोस दगड मारून त्यांना हाकलायचा आणि कंद पळवायचा, असं त्यानेच सांगितलंय. डुकराने खाल्लं म्हणून माणसाला चालेलच असं नसतं, विशेषतः अळंबी. पण कुठे खणायचं ते कळतं.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना कंद पळवण्याची जागा नक्की आवडेल. एक शेवटचं विचारते. गोष्टीत म्हातारा जातो तो महिना कुठला धरू? तारीख कुठेच मिळत नाही, तेव्हा महिना न सांगता वर्णन त्या ऋतूचं करेन, पण चुकीचा ऋतू नको.

वेताळवन
ऑगस्ट धरलात तर पोरगं वाचणं कठीण. ओढे आटलेले, शेळ्यांचं दूध उतरलेलं, एकोर्नला दोन महिने अवकाश. फेब्रुवारी-मार्च धरा: ओढ्यांना पाणी, कोवळं गवत, शेळ्या नुकत्या व्यायलेल्या. हात बसायला तीन-चार महिने मिळतात आणि पहिल्या उन्हाळ्यापर्यंत बारमाही पाण्याची जागा शेळ्यांनीच दाखवलेली असते. तहानलेला कळप पाण्याकडे निघाला की त्याच्या मागे जायचं, एवढं त्याला कळलं पाहिजे.

करडू_कोकरू
+१. आणि पानगळताई, कळपात एक बोकड दाखवायला विसरू नका, पुढच्या हिवाळ्यातलं दूध त्याच्यावर आहे. म्हातारा बोकड मेला तरी चालेल, पण मग त्या वर्षीचं एक नर करडू मारून न खाता राखलेलं दाखवा. सात-आठ महिन्यांचं झालं की ते कामाला येतं.